खुंटीवरचा पुठ्ठा

सिग्नल लाल होता, तरी तो मोटारसायकलवाला पांढऱ्या पट्ट्यांवर चढला आणि त्याचा आरसा शर्टांच्या कारखान्यातल्या मास्तरिणीच्या डाव्या कुशीत टोचला. फार नाही, नुसता टोचला. दुसऱ्या एखाद्या दिवशी तिने त्याचा सात पिढ्यांसकट उद्धार केला असता आणि पुढे निघून गेली असती, कारण शिव्या देण्यात मास्तरिणीचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. आज हातातला स्टीलचा डबा तिने पिशवीसकट वर उचलला आणि त्याच्या हेल्मेटवर हाणला. एकदा हाणला, तो "अहो, अहो" म्हणाला म्हणून दुसऱ्यांदा हाणला, आणि तिसऱ्यांदा कशासाठी हाणला ते तिलाही सांगता आलं नसतं. डब्याचं झाकण उडालं. दुपारच्या जेवणाचा भात हेल्मेटच्या काचेवरून घरंगळत त्याच्या मांडीवर पडला. "काकू, वेड लागलंय का तुम्हाला? नुसता धक्का तर लागला!" तो ओरडला. "धक्का लागला की थांबायचं असतं," मास्तरीण म्हणाली. "कळत नाही तुला? एवढंसुद्धा कळत नाही? धक्का लागला की थांबायचं!" सिग्नल हिरवा झाला, मागचे भोंगे वाजायला लागले, दोन बायांनी तिला दंडाला धरून पदपथावर आणलं. एकीने पाण्याची बाटली पुढे केली. मास्तरिणीने ती घेतली नाही. तिचं लक्ष स्वतःच्या वाक्याकडे होतं. ते वाक्य तिचं नव्हतंच. तासाभरापूर्वी डॉक्टरीणबाईंनी ते तिला ऐकवलं होतं, आणि ते माणसांबद्दल नव्हतं.

डॉक्टरीण तरुण होती, मास्तरिणीच्या गुंडीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. घाई न करता बोलत होती, आणि त्याचाच मास्तरिणीला राग येत होता. अंगातली प्रत्येक पेशी शेजारणीला टेकली की थांबते, ती सांगत होती. जागा संपली, वाढ संपली, इतकं साधं असतं ते. जखम झाली की कडेच्या पेशी वाढायला लागतात, मधली फट भरून निघते, दोन्हीकडच्या एकमेकींना भिडतात आणि गप्प बसतात. एखादी मात्र थांबत नाही. धक्का लागला तरी शेजारणीला रेटते, तिच्या अंगावर चढते. तिच्या आत एक चूक झालेली असते. पेशी दोन होताना आतला सगळा मजकूर उतरवून घ्यावा लागतो, आणि उतरवताना चुका होतातच, रोज होतात. त्या शोधून दुरुस्त करणारी यंत्रणाही आतच असते. दुरुस्त झाली नाही तर त्या पेशीला हुकूम जातो की आता तू मर, आणि चांगली पेशी गुपचूप मरते. "तुमच्यात ही मेली नाही," डॉक्टरीण म्हणाली. "एक होती. तिच्या दोन झाल्या. प्रत्येक वेळी आणखी एखादी चूक जमत गेली. अंगातले पहारेकरी समोरून गेले तरी ओळखणार नाहीत असं सोंग ती शिकली. आसपासच्या रक्ताच्या नळ्या स्वतःकडे वळवून घेतल्या. गाठ हाताला लागली तेव्हा या सगळ्याला बरीच वर्षं झाली होती." मास्तरीण समोर बसून तिच्या केसांच्या अंबाड्याकडे बघत होती. हा अंबाडा मुठीत धरावा आणि टेबलावर डोकं आपटावं, असं तिला फार स्पष्ट वाटलं. "कापून टाका," ती म्हणाली. "कापू. पण आधी औषधं. केस जातील, तयारी ठेवा. आणखी एक. तुमच्या रक्ताच्या तपासणीत दिसलंय की दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेची एक प्रत तुमच्यात जन्मापासूनच बिघडलेली आहे. प्रत्येकाकडे दोन असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. दुसरी चांगली होती तोवर चाललं. त्या एका पेशीत दुसरीही गेली आणि मग धरबंदच राहिला नाही. तुमच्या आईला असं काही?" "होतं." "बहिणी?" "नाहीत." "मुलगी आहे?"

"नाही," मास्तरीण म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि औषधांचं बोलायला लागल्या. मुलगी असती तर तिच्यात ती बिघडलेली प्रत उतरली असण्याची शक्यता निम्मी, वेळीच कळलं तर पुष्कळ काही करता येतं, हेही त्या बोलण्याच्या ओघात सांगून गेल्या, नसलेल्या मुलीबद्दल सांगावं तसं. मास्तरीण उठली, पिशवी उचलली, जिना उतरली. नाही हा शब्द किती सहज आला, कुठे अडखळला नाही, जीभ चावली नाही. सहा वर्षं ती हेच उत्तर देत आली होती, दुकानदारांना, शेजारणींना, बसमध्ये शेजारी बसून चौकशा करणाऱ्या बायांना. पण त्यांनी विचारलं होतं ते वेळ घालवायला. या बाईने विचारलं होतं ते एका जिवासाठी.

तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दिवसभर उभी, दिवसभर वाफेत, आणि घरी आली की हातात असेल त्याने मारायची. त्या घरात ती रीतच होती. मारायचं ते हातात असेल त्याने; हातातलं खाली ठेवण्यात वेळ घालवायचा नाही. हातात झारा असेल तर झाऱ्याने, कुलूप असेल तर कुलपाने. एकदा हातात घरातली इस्त्री होती, तर इस्त्रीने. मास्तरिणीच्या खांद्यावर अजून तिचं टोक उमटलेलं आहे, तपकिरी आणि गुळगुळीत. आंघोळ करताना बोट त्यावरून फिरतं आणि बोटाला काही वाटत नाही. मारून झालं की आई स्वतःच हळद... नाही, आई काहीही लावायची नाही. ते शेजारच्या घरातल्या आईचं होतं, मास्तरिणीने लहानपणी बघून ठेवलेलं आणि पुढे आपल्या आईच्या खात्यात घातलेलं. आई मारून झालं की भांडी घासायची. आईला गाठ झाली तेव्हा तिने ती वर्षभर लपवली. झंपराच्या आत फडक्याची घडी खोचायची. घडी रोज जाड होत गेली. वास यायला लागला तेव्हा मास्तरीण एकोणीस वर्षांची होती, एका कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला जायची, आणि घरी येऊन ते फडकं बदलायची. छातीचं मांस फुटून वर आलं होतं. फडकं त्याला चिकटायचं. एके दिवशी ते ओढताना आईने हातातला पाण्याचा पेला तिच्या भुवईवर हाणला. मरायला टेकलेल्या बाईच्या हातात एवढा जोर कुठून येतो? रक्त डोळ्यात उतरलं. मास्तरिणीने ते पुसलं नाही. तिने नवं फडकं घेतलं आणि जखमेवर दाबलं, हलकेच दाबायचं ते तळवा सगळा टेकवून, सगळं वजन टाकून दाबलं. आई किंचाळली. ती आणखी दाबत राहिली, आणि तिला बरं वाटलं. हे बरं वाटणं तिने पुढे कुणाला सांगितलं नाही. स्वतःला मात्र कधी खोटंही सांगितलं नाही. आई त्यानंतर आठवडाभरात गेली.

सिग्नलवरून पाय तिला कारखान्यात घेऊन आले. दुसरं जायचं कुठे? अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, तरी ती कटिंगच्या दालनात शिरली, टेबलाशी गेली, भिंतीवरच्या खिळ्यावरून जाळीचा मोजा काढून डाव्या हातात चढवला. पोलादी बारीक कड्या एकमेकींत ओवलेल्या, मनगटाला पट्टा. पात्याखाली बोट गेलं तर बोट वाचावं म्हणून कापड धरणाऱ्या हातात तो घालायचा. जड असतो, थंड असतो, आणि घटकाभरात अंगाच्या उबेने असा होतो की घातलाय हे लक्षातही राहत नाही. टेबल लांबच लांब. त्यावर निळ्या शर्टाच्या कापडाचे थर सकाळीच पसरून ठेवलेले, एकावर एक, वीतभर जाड. वर खडूने आखलेलं. मास्तरिणीने उभ्या पात्याचं मशीन चालू केलं आणि त्याची थरथर कोपरापर्यंत चढली. एरवी या थरथरीने तिला शांत वाटायचं. तीस वर्षांत तिचं पातं रेघेबाहेर गेलं नव्हतं, म्हणून तर सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. मालकाचा मुलगा परदेशात शिकून आला तेव्हा तिला म्हणाला होता की आता हे संगणकावर होईल. ती म्हणाली होती, "होऊ द्या की. त्याला कुशन देऊन बसवा माझ्या जागेवर." त्यावर सगळं दालन हसलं होतं.

टेबलाच्या डोक्याशी, हात वर करून टाचा उचलल्याशिवाय पोचणार नाही इतक्या उंच, खुंट्यांची रांग होती. तिथे मूळ पुठ्ठे टांगलेले, कापड आखायचे नमुने. शर्टाचा प्रत्येक भाग दोनदा असायचा, एक पुठ्ठा टेबलावर, एक खुंटीवर. टेबलावरचा रोज वापरायचा. त्याच्या कडेने खडू फिरून फिरून कडा झिजते, कधी पातं लागून कपचा उडतो. झिजला की टाकून द्यायचा आणि खुंटीवरचा काढून त्यावरून नवा करायचा. टेबलावरच्या पुठ्ठ्यावरून नवा पुठ्ठा कधी, कधी म्हणजे कधीच करायचा नाही. कारण त्याची झीज नव्यात उतरते, आणि नवा आपल्या परीने आणखी झिजतो. डोळ्याला दिसत नाही. हाताला लागत नाही. कापलेला शर्ट शिवायला गेला की मग कळतं. आज डॉक्टरीणबाई दोन प्रतींचं सांगत होत्या तेव्हा मास्तरीण मनात म्हणत होती, बाई, मला नका शिकवू. ही गोष्ट मी एका मुलीच्या तोंडावर लिहून ठेवली आहे.

सहा वर्षांपूर्वी गुंडी एकोणीसचीच होती. शाळा सोडून आईच्या हाताखाली लागली होती. बाप ती चार वर्षांची असताना दुसरीकडे घर करून बसला; तेव्हापासून दोघीच, आणि मारणं. हातात असेल त्याने. गुंडीचा हात चांगला होता, मास्तरिणीच्याइतका चांगला, हे मास्तरिणीला दिसत होतं आणि सांगवत नव्हतं. त्या आठवड्यात कामाची झुंबड उडाली होती. गळ्याचा पुठ्ठा झिजला. गुंडीला खुंटीपर्यंत हात पुरत नव्हता, स्टूल दुसऱ्या टोकाला होतं, आणि उशीर झाला तर आईच्या शिव्या ठरलेल्या. तिने टेबलावरच्या पुठ्ठ्यावरून नवा केला. तो झिजला तेव्हा त्यावरून तिसरा. मागच्या दालनातून शिवणवाल्या बाया हातात अर्धवट शर्ट घेऊन आल्या, की कॉलर गळ्याला पुरत नाही. एका शर्टाची नाही, सगळ्या ढिगाची. मास्तरिणीने तिसरा पुठ्ठा उचलला, खुंटीवरच्यावर ठेवला, आणि दोन कडांमधली फट बघितली. नखाएवढी. मग मशीन बंद केलं. हे तिला नीट आठवतं. मशीन बंद केलं, उजवा हात मोकळा होता, आणि तिने मारलं डाव्याने. मोज्याच्या हाताने. पुढे लोक म्हणाले, बिचारी विसरली असेल. तिचा भाऊ, गुंडीचा मामा, तो तर दवाखान्यात सगळ्यांना तेच सांगत फिरला. मास्तरिणीने कुणाचंही म्हणणं खोडलं नाही आणि कुणापाशी हो म्हणाली नाही. गुंडीच्या उजव्या कानाखालपासून हनुवटीपर्यंत कातडं सोलून निघालं होतं. टाके घालून घेतल्यावर ती घरी आलीच नाही. मामाकडे राहिली, मग कुणा मैत्रिणीकडे, मग केस कापायचं शिकली. मास्तरिणीने किती वेळा तिला मर म्हटलं होतं? मर मेले, मर एकदाची, मेलीस का तिकडे. सगळ्या आया म्हणतात. गुंडी मेली नाही, निघून गेली आणि वाढत राहिली, आणि तिच्या आत, खांद्यात, मांडीत, त्या कोवळ्या छातीत, पेशीपेशीत बसलेला असेल तो झिजलेला पुठ्ठा. आजीचा, आईचा, तिचा. एकावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा.

पातं रेघ सोडून चाललं होतं. मास्तरिणीला ते दिसत होतं. बाहीच्या मुंढ्यापाशी वळायचं होतं, तिथे ते वळलं नाही. निळ्या थरांतून ते सरळ पुढे गेलं, पाठीच्या भागात शिरलं, पाठ चिरून पलीकडच्या शर्टात शिरलं. थांबवायला फक्त अंगठा उचलायचा होता. तिने उचलला नाही. कापड कापलं जाताना एक मऊ आवाज होतो, तो चालू राहिला. तिला वाटलं, आत असंच होत असेल. कुणी ओरडत नसेल, कुणाला दुखत नसेल, आणि एक एक कडा ओलांडत ते चाललं असेल, आपल्याच मजेत. तिला त्याचा संताप आला आणि त्याच दमात त्याची मजाही कळली. सुपरवायझर धावत आला. "मास्तरीण! अहो मास्तरीण, थांबवा! काय करताय?" त्याने प्लग ओढला. दालनात शांतता झाली. तीस वर्षांत पहिल्यांदा सगळी माणसं तिच्या कामाकडे तोंड उघडं टाकून बघत होती. "पुसून टाका हे," ती म्हणाली, जणू टेबलावर पाणी सांडलं होतं, आणि चालती झाली.

गुंडीचं सलून कुठे आहे ते तिला माहीत होतं. मामाने पत्ता दिला होता, न मागता. दोन-तीनदा ती समोरच्या पदपथावर उभी राहून आलीही होती. काचेचं दार, आत चार खुर्च्या, चार आरसे. प्रत्येक वेळी काचेतून तिला गुंडीची पाठ दिसायची आणि आरशात तोंड, आणि गुंडीने आरशातून वर बघण्याआधी ती निघून यायची. आज ती थांबली नाही. रस्त्यात कुणीतरी तिच्याकडे वळून बघितलं, एका लहान पोराने आईचा हात ओढून तिच्याकडे बोट केलं, तिने लक्ष दिलं नाही. दार ढकललं. घंटी वाजली. शॅम्पूचा आणि जळक्या केसांचा वास. दोन खुर्च्यांवर गिऱ्हाइकं होती. गुंडी शेवटच्या खुर्चीपाशी झाडू मारत होती. तिने वर बघितलं. मास्तरिणीला आधी तो व्रण दिसला, आणि मग बाकीची मुलगी. व्रण आता पांढरा झाला होता, गालाच्या हाडाखाली थोडा ओढलेला. त्यामुळे गुंडी कायम अर्धवट हसतेय असं वाटत होतं. ती हसत नव्हती.

"मोजा घालून आलीस," गुंडी म्हणाली.

मास्तरिणीने खाली बघितलं. डाव्या हातात जाळीचा मोजा, मनगटाशी पट्टा घट्ट. या वेळी ती खरंच विसरली होती. तिच्या तोंडाशी ते आलं, विसरले गं, शपथ. आणि ते किती हास्यास्पद ऐकू येईल हेही त्याच क्षणी कळलं. सहा वर्षं लोक जे खोटं तिच्या वतीने बोलत होते, ते आज खरं झालं होतं आणि कुठल्याच कामाचं राहिलं नव्हतं. तिने पट्टा सोडला, मोजा काढला आणि आरशाखालच्या फळीवर ठेवला, कंगवे नि चिमट्यांच्या शेजारी. कड्यांचा आवाज झाला. पलीकडची मुलगी एका बाईच्या केसांना रंग लावत होती, तिचा ब्रश थांबला. मास्तरीण खुर्चीत बसली. "केस काढायचेत," ती म्हणाली. "सगळे. मशीन लाव." "का?" "तसेही जाणार आहेत."

गुंडी हुशार होती. तिला एवढ्यावरून कळलं. तिने कापड झटकलं, आईच्या गळ्याभोवती बांधलं, जरा जास्तच आवळून, आणि आरशाच्या बाजूच्या आकड्यावरून केस काढायचं मशीन उतरवलं. त्याची थरथर मास्तरिणीच्या कवटीत शिरली तेव्हा तिला ओळखीची वाटली. पहिला पट्टा कपाळापासून मागे गेला. करडे केस मांडीवर पडले. गुंडी डोकं धरून वळवत होती, हलक्या हाताने नाही, भांडं घासताना वळवावं तसं. सहा वर्षांनी लेकीची बोटं अंगाला लागली होती, आणि मास्तरिणीला डोळे मिटून घ्यावेसे वाटले, तसंच बसून राहावं, काही सांगूच नये, केस संपेपर्यंत तरी.

"कुठे आहे?" गुंडीने आरशातून विचारलं.

"डाव्या बाजूला. छातीत. आजीला होतं तेच."

मशीन चालू होतं. "मग? मला काय सांगतेस? मामाला सांग. मी येणार नाहीये तुझी फडकी बदलायला."

"तुला कोण बोलावतंय! ये म्हणायला आले नाहीये मी. रक्त तपासून घे. हे आपल्यात आहे. जन्मापासून असतं. आजीकडून मला आलं, माझ्याकडून तुला आलं असेल. नसेलही. निम्मं निम्मं आहे. आत्ता कळलं तर..."

"तुझ्याकडचं काही नकोय मला."

"ते विचारून येत नाही, गुंडे."

"गुंडे म्हणू नकोस." केसांचा एक झुपका मुठीत धरून तिने मान मागे ओढली, आणि मशीन कानामागून असं नेलं की कानाची पाळी कापली. रक्ताचा थेंब पांढऱ्या कापडावर पडला, मग दुसरा. रंगवाली मुलगी "अगं!" म्हणाली. मास्तरीण हलली नाही. तिला वाटत होतं, ओढ, आणखी ओढ, सोलून काढ सगळं, पण ऐक. आरशात अर्धं डोकं उघडं, अर्धं केसाळ, आणि वर गुंडीचं तोंड, लाल, तो पांढरा व्रण सोडून. तो लाल होत नव्हता. "मला काही झालेलं नाही," गुंडी म्हणाली. "मी ठणठणीत आहे. मी रोज आठ तास उभी राहते, दोन माणसांचं काम करते. तुझं रडगाणं घेऊन दुसरीकडे जा. आली मोठी काळजीवाली! सहा वर्षं कुठे होती काळजी?"

खोटं बोलून इथे काही हाताला लागणार नाही, हे मास्तरिणीला कळत होतं. लाडीगोडीची तिला सवय नव्हती. तिच्याकडे दाखवायला एकच गोष्ट होती आणि ती घाणेरडी होती.

"नव्हती," ती म्हणाली. "आज डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलगी आहे का. विचारलं ते तुझ्यासाठीच, तू वाचावीस म्हणून. मी म्हटलं, नाही. बाहेर पडले, जिना उतरले, कामावर गेले. तू मेलीस तरी चालेल असं म्हणून आले मी तिथे, गुंडी. नीट ऐक. मोजा घातला तो हात मी मुद्दाम उचलला होता, आणि आजचं नाहीसुद्धा मुद्दामच म्हटलं. मला कळतच नाही थांबायचं. माझ्या आईलाही कळत नव्हतं. म्हणून म्हणते, तू जा. माझ्यासाठी नको जाऊस. मला शिव्या देत जा. पण जा."

मशीन बंद झालं. इतका वेळ त्याचा आवाज होता म्हणून आता सलूनमधलं सगळं ऐकू यायला लागलं, नळाचं ठिबकणं, रस्त्यावरचे भोंगे. गुंडी खुर्चीच्या समोर आली. मास्तरिणीने तो चेहरा ओळखला. तो तिच्या आईचा चेहरा होता, पेला हाणतानाचा, आणि तिचा स्वतःचा, सकाळी हेल्मेटच्या काचेत दिसलेला. जबडा पुढे, नाकपुड्या फुगलेल्या. गुंडीच्या उजव्या हातात मशीन होतं, लोखंडी दात पुढे करून. हात वर चालला. मास्तरिणीने डोळे मिटले नाहीत, हात आडवा घातला नाही. कुठे लागेल ते तिला ठाऊक होतं. भुवईवर लागेल, जुन्या व्रणाच्या वर.

हात मध्येच थांबला. गुंडीने मशीनकडे बघितलं. ती वळली, आरशाच्या बाजूच्या आकड्याकडे गेली, मशीन त्यावर अडकवलं, वायर गुंडाळून नीट आत सारली. अंगावरच्या एप्रनला हात पुसला, तळहाताला चिकटलेले आईचे केस झटकले, एकदा झटकले, पुन्हा झटकले. मग परत समोर आली आणि तिने मास्तरिणीच्या तोंडात मारली.

जोरात मारली. खुर्ची फिरली, मास्तरिणीचं डोकं बाजूला गेलं, डोळ्यांपुढे पांढरं झालं. रंगवाली मुलगी धावली, खुर्चीतली बाई उठून उभी राहिली. "कुणी मध्ये येऊ नका," मास्तरीण म्हणाली. तिने जिभेने गाल आतून चाचपला. बोट लावून बाहेरून चाचपला. रक्त नव्हतं. गाल चरचरत होता, गरम होता, सगळा होता. नुसता हात होता तो. तिच्या घरात, तिच्या आईच्या घरात, असा रिकामा हात कुणी कुणावर उचलला नव्हता, आणि ही पोर हातातलं खाली ठेवून आली होती, जाऊन, वायर गुंडाळून, परत येऊन. हे हिला कुणी शिकवलं? मास्तरिणीला रडू फुटलं. मोठ्याने, तोंड वेडंवाकडं करून, अर्ध्या बोडक्या डोक्याने, चार परक्या माणसांसमोर ती रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

गुंडीने खुर्ची पायाने सरळ केली. कापसाचा बोळा घेऊन आईच्या कानाच्या पाळीवर ठेवला. "धर," ती म्हणाली. मास्तरिणीने तो धरला. गुंडीने आकड्यावरून मशीन काढलं.

"मान खाली घाल. अर्धं राहिलंय."

मास्तरिणीने मान खाली घातली. मशीन मानेपासून वर चढू लागलं, आता सावकाश, कानाशी आलं की कान बाजूला धरून. केस पडत राहिले. आरसा दिसत नव्हता, फक्त फरशी दिसत होती आणि गुंडीचे बूट.

"मला मंगळवारी सुट्टी असते," गुंडी म्हणाली.